प्रोग्रामरांचं सोवळं

एकोणिसाव्या शतकात मुंबईत मराठी छापखाने सुरू झाले तेव्हा छापील पोथीला हात लावायला भलेभले तयार नव्हते. शाईत चरबी असते, तेव्हा छापलेलं पुस्तक सोवळ्यात चालायचं नाही, असा त्यांचा आक्षेप. गणपत कृष्णाजींसारख्या मुद्रकांनी तुपाची शाई वापरून तोही आक्षेप मोडून काढला. चरबी हे निमित्त होतं. पोथी छापली गेली की ती कोणाच्याही हाती पडणार, आणि जिच्यासाठी कोणाच्या तरी पायाशी बसावं लागत होतं ती विद्या चार आण्याला मिळणार, हे खरं दुखणं होतं.

तेच सोवळं आज पुन्हा नेसलं गेलं आहे, आणि तेही स्वतःला जगातला सगळ्यात खुला समाज म्हणवणाऱ्यांकडून. मी ओपन सोर्सवाल्यांबद्दल बोलतो आहे. वेबसाइट आणि ॲप ज्यांच्यावर उभी राहतात ती फ्रेमवर्क हे लोक लिहितात आणि जगाला फुकट देतात. काम मोठं आहे, त्याचं ऋण मानायलाच हवं. पण कोड खुला ठेवला की दार सगळ्यांना उघडलं, ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचं आतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रोग्रामर कोड लिहितो तो एडिटरमध्ये. चांगला एडिटर अर्धं नाव टाइप केलं की पुढचे पर्याय दाखवतो, चुकीच्या नावाखाली लाल रेघ ओढतो, एखाद्या फंक्शनवर क्लिक केलं की ते जिथे लिहिलंय तिथे नेऊन सोडतो, एका ठिकाणी नाव बदललं तर ते बाकी सगळीकडे बदलून देतो. हे ज्ञान एडिटरकडे आपसूक येत नाही. आपल्या फ्रेमवर्कमध्ये काय कुठे आहे, कुठल्या नावामागे काय दडलंय, हे एडिटरला कळेल अशा रीतीने फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलं नाही की एडिटर गप्प. स्टँडवर एसटी उभी आहे, इंजिन चालू आहे, पण गाडीला पाटीच नाही. गावचा माणूस ड्रायव्हरचं तोंड बघून ओळखतो गाडी कुठली, परगावच्या बाईने काय करायचं? कितीतरी नामांकित फ्रेमवर्क वर्षानुवर्षं अशी पाटीविना धावली.

घरचंच उदाहरण घेऊ. फ्रॅपे हे फ्रेमवर्क मुंबईत जन्मलं. त्यावर बांधलेलं ईआरपीनेक्स्ट आज देशोदेशीच्या कारखान्यांत आणि दुकानांत हिशेब ठेवतं. त्यात प्रत्येक कागदाला ‘डॉकटाइप’ म्हणतात, म्हणजे सेल्स इन्व्हॉइस हा एक डॉकटाइप, कस्टमर हा दुसरा. त्यातले रकाने पायथॉनच्या कोडमध्ये लिहिलेले नसतात, ते वेगळ्या जेसन फाइलमध्ये असतात. आता २०२३पूर्वी लातूरहून पुण्याला आलेली एखादी नवखी मुलगी कल्पा. तिने इन्व्हॉइस मागवलं, नाव लिहिलं, डॉट दिला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. एडिटरला इन्व्हॉइसचे रकाने माहीतच नाहीत. तिने अंदाजाने ‘डिस्काउंटअमाउंट’ लिहिलं आणि त्यात रक्कम घातली. खरं नाव मधल्या अंडरस्कोरसकट ‘डिस्काउंट_अमाउंट’ होतं. पायथॉन काही बोलला नाही. लाल रेघ नाही, एरर नाही. सेव्ह झालं, आणि ती रक्कम डेटाबेसमध्ये गेलीच नाही. पुढचा अर्धा दिवस ती स्वतःच्या अकलेवर शंका घेत बसते. शेजारच्या खुर्चीवर सीनियर असेल तर तो मान न वळवताच सांगतो, “अगं, अंडरस्कोर.” सीनियर नसेल तर?

माझ्या रागाचं कारण हा ‘नसेल तर’ आहे.

हे एकट्या फ्रॅपेचं पाप नाही, आणि त्याने पुढे काय केलं तेही सांगेन. २००५पासून जगासमोर असलेल्या जँगो या फ्रेमवर्ककडे बघा. तुम्ही ‘बुक’ नावाचं मॉडेल लिहिलंत आणि त्यातून ‘ऑथर’कडे बोट दाखवलंत, की ऑथरला आपोआप ‘बुक_सेट’ नावाचा एक दरवाजा फुटतो. कुठल्याही फाइलमध्ये या नावाची व्याख्या तुम्हाला सापडणार नाही. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधलं तरी जिथे कोणी ते वापरलं तेवढीच ठिकाणं मिळतील, ते जन्मलं कुठे हे कळणार नाही. प्रोग्राम चालू झाल्यावर जँगो ते हवेतून निर्माण करतो. रेल्स या फ्रेमवर्कचं तर सगळं वैभवच या जादूवर उभं आहे: टेबलात कॉलम टाकला की त्या नावाची मेथड हजर. लाराव्हेल या फ्रेमवर्कच्या फसाड्सची, म्हणजे मागची खरी वस्तू लपवणाऱ्या छोट्या नावांची, गोष्ट तीच. ही जादू करणाऱ्याच्या डोळ्याला सुंदर दिसते, हे मला मान्य आहे. चार ओळींत चाळीस ओळींचं काम होतं. पण जादू ज्याला आधीच माहीत आहे त्याचेच कष्ट ती वाचवते. ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे नुसती भिंत असते, आणि भिंतीवर लिहिलेलं असतं: डॉक्युमेंटेशन वाचा.

डॉक्युमेंटेशन इंग्रजीत आहे. इथे आपल्याकडच्या एका गोष्टीचा उच्चार कोणी करत नाही म्हणून मी करतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं डोकं लॉजिकमध्ये अडत नाही. लूप, कंडिशन, रिकर्शन त्यांना इतरांइतकंच समजतं. ती अडतात स्पेलिंगमध्ये. ‘रिसीव्ह’मध्ये ई आधी की आय, ‘ॲड्रेस’मध्ये डी किती, ‘सक्सेस’मध्ये सी किती आणि एस किती, यावर त्यांचा प्रोग्राम बंद पडतो. एडिटर नाव सुचवत असेल तर ही अडचण दोन अक्षरांत संपते. सुचवत नसेल तर त्या मुलाची परीक्षा प्रोग्रामिंगची राहतच नाही, इंग्रजी शाळेच्या फीची होते. आणि इंग्रजी ज्यांची मायबोली त्यांनी तरी काय दिवे लावले? वेबच्या मूळ नियमांत, १९९६ साली छापल्या गेलेल्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात, ‘रेफरर’ या शब्दाचं स्पेलिंग एक आर खाऊन चुकीचं गेलं. आज सगळं जग निमूटपणे ते चुकीचं स्पेलिंग वापरतं. साहेबाची चूक स्टँडर्ड झाली, लातूरच्या मुलीची चूक बग ठरली.

दृष्टिहीन प्रोग्रामरांचा विचारही इथेच करायचा. स्क्रीन रीडरवर ओळीमागून ओळ ऐकत काम करणाऱ्याला पन्नास फाइली भराभर नजरेखालून घालता येत नाहीत. ‘डेफिनिशनवर जा’ हा एक हुकूम त्याचा केवढा वेळ वाचवतो हे डोळस माणसाला सांगून कळणार नाही. ज्या फ्रेमवर्कमध्ये तो हुकूम चालत नाही, त्याने अशा माणसाला दारातच थांबवलेलं असतं.

यावर आपल्या पंडितांचं उत्तर ठरलेलं आहे. “खऱ्या प्रोग्रामरला असल्या कुबड्या लागत नाहीत.” “आम्ही नोटपॅडमध्ये शिकलो.” “ऑटोकम्प्लीटने पोरं आळशी होतात.” कॉलेजांत तर हा धर्मच होऊन बसला. जग कुठल्या कुठे गेलं तरी महाराष्ट्रातल्या किती तरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवलं जात होतं. प्रोग्राम टाइप करायचा, कंट्रोल-एफ नाइन दाबायचं, आउटपुट आलं की तो अख्खा प्रोग्राम हाताने जर्नलमध्ये उतरवायचा, आणि एक्स्टर्नल परीक्षक आला की अर्धविराम कुठे राहिला ते तोंडी सांगायचं. याला शिस्त म्हणत. यातली खरी थट्टा पुढे आहे. ज्या कंपनीचं ते टर्बो सी, त्याच बोरलँडने १९८३ साली टर्बो पास्कल काढलं होतं, आणि ते गाजलं ते एडिटर आणि कंपायलर एकत्र, एकाच पडद्यावर, पन्नास डॉलरच्या आत दिले म्हणून. चूक झाली की कर्सर त्या जागी जाऊन उभा राहायचा. कष्ट कमी करणं हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. आमच्या गुरुजनांनी सोय करायला निघालेल्या कंपनीचं अवजार उचललं आणि तीस वर्षं गैरसोयीचं व्रत म्हणून पाळलं. टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिणारे अँडर्स हेल्सबर्ग. तेच पुढे टाइपस्क्रिप्टचे प्रमुख शिल्पकार झाले, आणि २०१२ साली आलेल्या त्या भाषेने जावास्क्रिप्टच्या दुनियेत एडिटरला पहिल्यांदा नीट समज दिली. माणूस तोच, ध्यासही तोच. शिकायचं कोणी ते आपण ठरवायचं.

पूर्वी एक सबब खरी होती. प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरचं वेगळं प्लगइन लिहावं लागे. वीस एडिटर आणि वीस भाषा म्हणजे चारशे कामं. स्वयंसेवकांनी किती मरायचं? पण २०१६च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांना सोबत घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेची समज एका सर्व्हरमध्ये एकदाच लिहा, तो प्रोटोकॉल बोलणारा कुठलाही एडिटर ती वापरेल. चारशेची चाळीस झाली. त्या दिवसापासून ती सबब गेली. उरला तो निव्वळ आळस, आणि आळसापेक्षा वाईट असं काहीतरी.

ते वाईट काहीतरी म्हणजे कामांची उतरंड. हा समाज जातपात मानत नाही, असं त्याचे पुढारी मोठ्या अभिमानाने सांगतात. मग हे बघा. नवं फ्रेमवर्क काढणारा मंचावर भाषण देतो, त्याच्या रेपॉझिटरीवर हजारो स्टार पडतात. त्या फ्रेमवर्कसाठी एडिटरचं एक्स्टेन्शन लिहिणारा कोण, हे ते रोज वापरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पहिलं काम बुद्धीचं, दुसरं हमालीचं. लाराव्हेल आलं २०११ साली. त्याच्या फसाड्सचा अर्थ एडिटरला समजावा म्हणून खास एक फाइल तयार करून देणारं पॅकेज बाहेरच्या एका डेव्हलपरने लिहिलं आणि असंख्य लोकांनी वर्षानुवर्षं त्यावर भागवलं. व्हीएस कोड या एडिटरसाठी लाराव्हेलचं अधिकृत एक्स्टेन्शन जाहीर व्हायला २०२४ उजाडलं. एलिक्सिर भाषेत आणि तिच्या फिनिक्स फ्रेमवर्कमध्ये काम करणाऱ्यांसाठी तीन वेगवेगळे लँग्वेज सर्व्हर तीन वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या फुरसतीत चालवले. ती शक्ती एकत्र यावी म्हणून अधिकृत टीम उभी राहिली तीही २०२४च्या ऑगस्टमध्ये, भाषेची १.० आवृत्ती निघून दहा वर्षं होत आली तेव्हा. एवढी वर्षं कोणाला घाई नव्हती, कारण निर्णय घेणाऱ्यांना सगळं पाठ होतं. पाठ असलेल्या माणसाला पाटीची गरज भासत नाही.

जिथे कोणी ही गरज ओळखून फ्रेमवर्कचीच घडी बदलायला निघालं तिथे काय झालं? व्ह्यू या फ्रेमवर्कचं उदाहरण घ्या. व्ह्यूच्या जुन्या पद्धतीत ‘धिस’ या एका शब्दामागे इतकं काही दडलेलं असे की टाइपस्क्रिप्टला त्याचा थांग लागत नसे. त्याचे कर्ते इव्हान यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली कंपोझिशन एपीआयचा प्रस्ताव मांडला. एडिटरला टाइप, म्हणजे कुठल्या नावात कसली माहिती आहे ते, सरळ कळावेत हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होतं. त्यावर असा काही गदारोळ उठला की विचारू नका. व्ह्यू बाटलं, व्ह्यूचा साधेपणा मेला, आता आम्ही निघालो! जुनी पद्धत काढून टाकणार अशी अनेकांची समजूत झाली, ती प्रस्तावाच्या मांडणीमुळेही झाली असेल. कर्त्यांनी जुनी पद्धत ठेवली, नवीही आणली, २०२०च्या सप्टेंबरमध्ये टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलेलं व्ह्यू ३ बाहेर पडलं. आज नव्या प्रोजेक्टांत लोक ती नवी पद्धत मुकाट्याने वापरतात. विरोध करणारे कुठे गेले? ते आता दुसऱ्या कुठल्या तरी सुधारणेला विरोध करत असतील. सुधारकांचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण नीतीच्या गप्पा पैशापाशी आल्या की लोकांना अचानक काम आठवतं.

जँगो फुकट. पण जँगोची टेम्प्लेट, मॉडेल, यूआरएल यांची खरी जाण असलेला एडिटर हवा तर वर्षानुवर्षं पायचार्म या एडिटरची पैसे भरून घ्यायची आवृत्ती घ्यावी लागे. फुकटच्या आवृत्तीत जँगोचा सपोर्ट नव्हता. यात ते विकणाऱ्या कंपनीचा दोष मी मानत नाही. तिने काम केलं, त्याचा दाम मागितला, विद्यार्थ्यांना ते मोफत दिलं, जँगोच्या संस्थेसाठी निधीही गोळा करून दिला. दोष आमचा, कारण रस्ता सार्वजनिक बांधून पाट्या लावायचं काम आम्ही खासगी दुकानावर सोडलं. विद्यार्थी असताना मिळालेलं मोफत लायसन्स पदवीबरोबर संपतं. नेमका तेव्हाच तो पोरगा बिनपगारी इंटर्नशिप करत असतो.

फुकटच्या एडिटरांची दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. व्हीएस कोडचा स्रोत २०१५पासून खुला आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शनांचा अधिकृत बाजार मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्पादनांपुरताच, अशी अट आहे. पायथॉनसाठी त्यातलं सगळ्यात चांगलं एक्स्टेन्शन पायलान्स खुलं नाही, त्याच्या पोटातलं पायराइट तेवढं खुलं. गिटहबने ॲटम हा एडिटर काढला, पुष्कळांनी त्यावर जीव लावला, २०२२च्या डिसेंबरमध्ये तो गुंडाळला गेला. परक्याच्या ओसरीवर संसार मांडला की असं होणारच. म्हणून एडिटरची समज फ्रेमवर्कच्या स्वतःच्या घरात, त्याच लायसन्सखाली, ते सांभाळणाऱ्या मेंटेनरांच्याच जबाबदारीवर असायला हवी असं माझं म्हणणं आहे.

पण मेंटेनरांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते अर्ध्याहून जास्त अन्यायाचं आहे. त्यांतले बरेचसे दिवसाची नोकरी करून रात्री हे काम करतात. खरे आरोपी हिंजवडी, मगरपट्टा आणि ऐरोलीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत बसलेले आहेत. फुकटची फ्रेमवर्क घ्यायची, परदेशी गिऱ्हाइकाला तासाचे डॉलर लावायचे, आणि त्या फ्रेमवर्कला परत काय द्यायचं? वर्षानुवर्षं, काही नाही. नव्या भरतीला महिना-दोन महिने ट्रेनिंगमध्ये बसवतात, त्यातला मोठा हिस्सा ‘हे कुठून आलं’ या एकाच प्रश्नाची उत्तरं पाठ करण्यात जातो. त्याच खर्चाच्या तुकड्यात एका माणसाला लँग्वेज सर्व्हरवर बसवलं असतं तर जगभरच्या नवख्यांचा तो प्रश्न कायमचा मिटला असता. पण त्याचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाडता येत नाही ना! बंगळुरूच्या झिरोधाने २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी जणांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. कौतुक करून पुन्हा गप्प बसले.

आणि मुंबईच्या फ्रॅपेचं मी कबूल केलं होतं. २०२३मध्ये आलेल्या त्याच्या पंधराव्या आवृत्तीत एक सोय आली: डॉकटाइप सेव्ह केला की त्याच्या पायथॉन फाइलमध्ये रकान्यांची नावं आणि टाइप यांचा एक ठोकळा आपोआप लिहिला जातो. वर इंग्रजीत सूचना असते की हा भाग यंत्राने लिहिलाय, याला हात लावू नका. प्रोग्राम चालताना त्याचा काही उपयोग नाही. तो केवळ एडिटरसाठी आहे, म्हणजे खरं तर माणसासाठी. आता त्या फाइलमध्ये डॉट दिला की ‘डिस्काउंट_अमाउंट’ समोर येतं, अंडरस्कोरसकट. जेसन फाइलमध्ये ती माहिती पहिल्यापासून होतीच. ती एडिटरपर्यंत पोचवावी असं कोणाला तरी वाटायला हवं होतं. जँगो, रेल्स, लाराव्हेल, सगळीकडे माहिती अशीच आत पडून असते.

हल्लीची नवी पळवाट म्हणजे एआय. आता यंत्रच कोड लिहितं, एडिटरने समजून घ्यायची गरज काय? ज्यांनी हे यंत्र कमी वापरातल्या फ्रेमवर्कवर चालवून पाहिलंय त्यांना विचारा. अस्तित्वातच नसलेलं फंक्शन ते छातीठोकपणे लिहून देतं, कारण ते अंदाज बांधतं. लँग्वेज सर्व्हर अंदाज बांधत नाही. नाव आहे किंवा नाही, एवढंच सांगतो. यंत्राने लिहिलेल्या कोडखाली लाल रेघ ओढणारं कोणी नसेल तर चूक पकडायची कोणी? पुन्हा त्या लातूरच्या मुलीने, जिला खरं नाव माहीत नाही? शिवाय ज्या साधनाच्या नीट वापराला दरमहा डॉलर मोजावे लागतात, त्याच्या भरवशावर गरिबाचं दार उघडेल म्हणणाऱ्यांच्या हिशेबाला माझा नमस्कार.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनो, एडिटर सपोर्टशिवाय आवृत्ती काढताना तिला ‘पूर्ण’ म्हणू नका. कंपन्यांनो, ज्या फ्रेमवर्कवर पगार निघतात त्याच्या टूलिंगसाठी एक माणूस पगारी द्या. प्राध्यापकांनो, पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टांच्या यादीतून लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम काढा आणि तिथे एखाद्या फ्रेमवर्कच्या लँग्वेज सर्व्हरमधला उघडा इश्यू टाका. मुलं ते करतील, तुम्हाला ते तपासता यायला हवं. आणि सीनियर म्हणवणाऱ्यांनो, उद्या टीममधल्या नवख्याने “हे कुठून आलं?” असं विचारलं तर त्याला उत्तर द्या, आणि घरी जाण्याआधी तेच उत्तर टाइपच्या रूपात लिहून मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट पाठवा.